दोष वाऱ्याच्या माथी

ब्रिटनमधली ॲशची झाडे वाळू लागली त्याला दशक उलटून गेले. एवढ्या अवधीत एक मत तिथे चांगलेच रुजले आहे: रोग वाऱ्याने आला, वाऱ्याला कोणी सीमेवर अडवू शकत नाही, तेव्हा रोपांच्या आयातीवरचे निर्बंध म्हणजे रोपवाटिकांना नुसता जाच.

या पूर्वपक्षात तथ्य नाही असे नाही. हायमेनोस्कायफस फ्रॅक्सिनियस ही रोगकारक बुरशी गळलेल्या पानांच्या देठांवर तग धरते. उन्हाळ्यात त्या देठांवर इवले पांढरे पेले उगवतात आणि त्यांतून सुटलेले बीजाणू वाऱ्यावर मैलोगणती जातात. नॉर्फक, केंट अशा युरोपसमोरच्या परगण्यांत २०१२ साली रानातली जुनी झाडे बाधित सापडली, ती बहुधा अशीच. एवढे मान्य.

पण त्या वर्षाचा नकाशा पुरता पाहावा. ब्रिटनमधली पहिली नोंद रानातली नव्हतीच. फेब्रुवारी २०१२ मध्ये रोग आढळला तो बकिंगहॅमशरमधल्या एका रोपवाटिकेत, नेदरलँड्सहून आलेल्या रोपांवर. पूर्व किनाऱ्यापासून दूर जिथे जिथे तो मिळाला, तिथे बहुतेक नव्या लागवडीतच मिळाला. आयर्लंडचे उदाहरण तर निरुत्तर करणारे आहे. तिथला वारा मुख्यतः अटलांटिककडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. रोग मात्र ऑक्टोबर २०१२ मध्ये वायव्येकडच्या लीट्रिममध्ये उघडकीस आला, तोही युरोपातून आणून लावलेल्या कोवळ्या झाडांवर. वाटेतली सगळी झाडे सोडून वाऱ्याने नेमकी आयात केलेली रोपे हुडकून काढली, असे मानायचे तर त्याला बिले वाचता येतात असेही मानावे लागेल. आणि ज्या देशात ॲश आपसूक, माळ्याला नकोसा होईल इतका उगवतो, तिथे त्याची रोपे विकत आणावीत का, हा प्रश्न कोणाला पडला नाही याचे नवल वाटते.

‘नियम होते, तरी काय उपयोग झाला?’ असेही विचारतात. ॲशच्या बाबतीत नियम नव्हतेच, हे इथे सोयीस्करपणे विसरले जाते. पोलंडमध्ये ही मर १९९२ च्या सुमारास दिसली, बुरशीला नाव मिळाले २००६ साली. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या बागायती व्यापाऱ्यांच्या संघटनेनेच सरकारला आयात थांबवण्याची विनंती केली. धंद्याला झळ ज्यांना बसणार तेच बंदी मागत होते! उत्तर मिळाले की ही बुरशी म्हणजे हायमेनोस्कायफस अल्बिडस, ती आपल्याकडे पूर्वापार आहे, सबब बंदी घालता येत नाही. तेव्हाच्या निदानाप्रमाणे उत्तर चूक नव्हते. थोड्याच काळात जनुकीय तपासणीत उघड झाले की रोगकारक बुरशी वेगळी आहे. दिसायला हुबेहूब, पण मूळची पूर्व आशियातली. बंदी आली २९ ऑक्टोबर २०१२ रोजी.

म्हणजे फसला तो निर्बंध नव्हे. फसली ती रोगाचे नाव यादीत येईपर्यंत दार उघडे ठेवण्याची रीत. युरोपीय संघाने डिसेंबर २०१९ पासून ती काही अंशी बदलली. ॲशसह काही वृक्षांची रोपे संघाबाहेरून आणायला आता आधी मनाई आहे. परवानगी धोक्याची तपासणी झाल्यावर. मला हीच दिशा योग्य वाटते. कारण नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीत सुप्त लागण कळत नाही, आणि बुरशीनाशक फवारलेले रोप तर अधिकच टवटवीत दिसते.

जाचाचा हिशेबही करू. २०१९ मधल्या एका अभ्यासाने ब्रिटनला या रोगाची शंभर वर्षांत बसणारी किंमत सुमारे १५ अब्ज पौंड काढली. तिथल्या जिवंत रोपांच्या आयात-निर्यातीचे वार्षिक मूल्य त्याच अभ्यासात ३० कोटी पौंडांच्या आसपास धरले आहे. पन्नास वर्षांचा व्यापार एका बुरशीने गिळला.

राहिला शेवटचा युक्तिवाद: आता रोग आलाच आहे, मग बंदी कशाला? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार युरोपभरची ही साथ बुरशीच्या अवघ्या दोन मूळ व्यक्तींपासून फैलावली. मूळ प्रदेशात तिचे वैविध्य कितीतरी जास्त आहे. ब्रिटनमध्ये थोडी झाडे रोग सोसून उभी आहेत. त्यांच्या फांद्यांची कलमे करून २०२० मध्ये हॅम्पशरमध्ये सुमारे तीन हजार झाडांचा संग्रह लावला गेला. ही निवड झाली आहे ती युरोपात पोचलेल्या त्या मोजक्या वंशांपुढे. पूर्व आशियातून एखाद्या कुंडीबरोबर नवा वंश आला, तर हॅम्पशरची झाडे टिकतील याची हमी कोण देणार?