एकच पत्ता, अनेक घरं: बोरी ते १९२.१६८

पाकिटावर नुसतं 'बोरी' लिहिलं, तर पत्र कुठे जाईल? बोरी अरब आपल्या यवतमाळ जिल्ह्यात. पण जिंतूर तालुक्यात बोरी आहे, जुन्नरला बोरी बुद्रुक आहे, गोव्यात फोंड्याजवळही बोरी आहे. त्या त्या गावात 'बोरी' एवढं पुरतं. पत्र गावाबाहेर पडलं की घोळ सुरू. यावर टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला लागू झाली. कुठल्याच गावाचं नाव बदललं नाही, फक्त विभाग सांगणारे आकडे सोबत आले. ४४५ म्हटलं की यवतमाळ.

संगणकांच्या जाळ्यात गोष्ट उलट घडली. तिथे आधी प्रत्येक पत्ता जगात एकमेव असायचा. पण पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकात दिसू लागलं. मग १० ने, १७२.१६ ते १७२.३१ ने आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी ठरले: कुणीही, कुणालाही न विचारता, आपल्या चार भिंतींत वापरावेत. फेब्रुवारी १९९६ चा 'आरएफसी १९१८' हा त्याचा मुख्य दस्तऐवज. म्हणजे बघा, पत्त्यांची पुनरावृत्ती ही कुणाची चूक नव्हती, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

त्याची किंमतही त्याच दस्तऐवजात लिहिलीय: उद्या दोन जाळी जोडायची वेळ आली तर पत्ते आदळतील, म्हणून खासगी पट्ट्यातून यादृच्छिक निवड करा. पण बहुतेकांनी राउटरमध्ये आधीच भरलेला १९२.१६८ चा पत्ता तसाच ठेवला.

आता एका कार्यालयाला दोन बाहेरची जाळी जोडायचीत आणि दोन्हीकडे १९२.१६८.१.१० आहे. राउटरने कुठे पाठवायचं? दोघांनाही पत्ते बदलायला सांगणं अवघड. म्हणून प्रत्येक जोडणीच्या दारात रूपांतर करतात: कार्यालयाला पहिलं यंत्र १०.५१.१.१० दिसतं, दुसरं १०.५२.१.१०. कार्यालयाचा स्वतःचा पट्टाही तोच असेल, तर जाणाऱ्याचा आणि येणाऱ्याचा असे दोन्ही पत्ते बदलावे लागतात. आणि राउटरमध्ये दोन्ही जोडण्यांचे मार्गतक्ते वेगळे ठेवावे लागतात, नाहीतर तो पुन्हा गोंधळतो.

संशोधनाला बसणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं. दोन दप्तरांतल्या याद्या गावाच्या नावावर जोडाल, तर दोन बोऱ्या एक होतील आणि तक्ता कुरकुरणारही नाही. नाव खोडू नका. ते कोणत्या दप्तरातून, कोणत्या तालुक्यातून आलं, याचा वेगळा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.