शेर, पायली आणि नवा पैसा

कल्याण म्हटले की आज डोळ्यांपुढे स्टेशनातली गर्दी उभी राहते. पण वाचकहो, हे गाव रेल्वेच्या किती तरी आधीपासून बाजाराचे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी वर्णनात या बंदराचे नाव येते आणि कान्हेरीच्या लेण्यांत इथल्या व्यापाऱ्यांच्या दानांचे लेख आहेत. आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आली आणि 1 मे 1854 रोजी कल्याणला पोहोचली. खाडी, रस्ता आणि रूळ अशा तिन्ही वाटांनी इथे माल येऊ लागला.

आम्ही मुलांनी पाहिला तो 1957 च्या सुमाराचा बाजार. खरी धांदल आगोटीच्या दिवसांत. पावसाच्या आधी घरोघर तांदूळ, मीठ, मिरच्या, सुकट, सुके बोंबील भरून ठेवायचे. कोळणी टोपल्या मांडून बसत. मुरबाड-शहापूरकडच्या ठाकरणी आणि कातकरणी करवंदे, जांभळे आणि पहिला शिडकावा झाला की शेवळे घेऊन येत. शेवळांबरोबर काकडे घ्यायचीच, नाही तर भाजी घशाला खाजते! त्यांच्याजवळ तराजू नसे. वाटे लावलेले; डोळ्यांनी पाहायचे, एखादे फळ वर मागायचे अन् घ्यायचे.

धान्याची गोष्ट निराळी. ते मापाने चाले: चिपटे, शेर, अधोली, पायली. चार शेरांची एक पायली. मोजणारा ‘एक’ म्हणत नसे. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायचे, मग दोन, तीन. ऐकायला गोड! पण लाभ कोणाचा, हे हातावर अवलंबून. शेतकऱ्याकडून घेताना माप हलवून, थोपटून, वर शीग चढवून भरायचे. गिऱ्हाइकाला देताना तेच माप अलगद भरून वरून हात फिरवायचा. माप तेच, तांदूळ मात्र कमी. सगळेच दुकानदार असे नव्हते. पण जे होते, त्यांच्यापुढे डोक्यावर भारा घेऊन पाच कोस चालत आलेल्या माणसाला परत फिरता येत नसे.

त्यातच 1 एप्रिल 1957 रोजी नवा पैसा आला. आधी रुपयाचे 16 आणे, 64 पैसे, 192 पै. आता सरळ 100 नवे पैसे. काही वर्षे दोन्ही नाणी शेजारी शेजारी चालली. दुकानांतून कोष्टके लागली: एक आणा म्हणजे 6 नवे पैसे, दोन आणे 12, तीन आणे 19, चार आणे 25. आता तुम्हीच हिशेब करा. आण्याला एक असे सोळा वाटे विकणाऱ्या बाईला पूर्वी रुपया मिळे. सुट्या सहा-सहा पैशांनी विकले तर 96 च! चार पैसे कुठे गेले, हे कोष्टकात लिहिलेले नव्हते. आम्ही शाळेत जाणारी पोरे, म्हणून एखादी म्हातारी हाक मारी, “पोरा, सांग रं, किती झालं?” आम्ही बोटे मोजून सांगायचो. मग कोणी चार वाटे एकदम घ्यायला लावी, कोणी आण्याचे सात पैसे मागे. गिऱ्हाइके त्यावर कटकट करीत. पण ती बाई लबाडी करीत नव्हती, आपला रुपया पुरा करीत होती.

मागोमाग वजने बदलली. कायदा 1956 चा. अंमल ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने होत 1962 पर्यंत देशभर पोहोचला. शेर 80 तोळ्यांचा, तर किलो जवळजवळ 86 तोळ्यांचा. भाव शेराचा की किलोचा, यावर रोज भांडणे! जुन्या माणसांना वाटे, सरकारने गणित उगाच अवघड केले. वस्तुतः गावागणिक बदलणारी मापे जाऊन मुरबाडला आणि ठाण्याला एकच वजन आले, हा मोठा फायदा होता. वजनावर सरकारी छाप आला. तो तपासता येतो. थोपटलेली पायली कशी तपासणार?

तरीही छापामुळे हात प्रामाणिक होत नाही, हेही बाजारानेच शिकवले. म्हणून पुन्हा कधी भाजीचा वाटा घ्याल, तेव्हा घासाघीस जरूर करा; मात्र समोरचीचा हिशेब एकदा तिच्या बाजूनेही मांडून पाहा.