मुळाचा शोध : बोळके, कवळी आणि काळी वाळू

दात न उरलेल्या तोंडाला मराठीत 'बोळके' म्हणतात. तान्ह्या मुलाच्या संदर्भात हा शब्द कौतुकाचा असतो. म्हाताऱ्या माणसाच्या संदर्भात तोच शब्द दयेचा, क्वचित थट्टेचा होतो. आमच्या आजीचे तोंड पन्नाशीतच बोळके झाले होते. रत्नागिरीजवळच्या खेड्यातल्या त्या पिढीच्या अनेक बायकांप्रमाणे ती सकाळ-संध्याकाळ मशेरी लावीत असे. हिरड्या सुटल्या, दात हलू लागले आणि एकेक करून गेले. पुढे शहरातून कवळी करून आणली. ती बहुतेक वेळ फडताळातल्या वाटीत, पाण्यात असे. लग्नकार्याला तोंडात आणि जेवताना पुन्हा वाटीत.

आजीला ओव्या पुष्कळ येत. आत्याने एकदा त्या वहीत उतरवून घेतल्या. ती वही अलीकडे माझ्या हाती आली तेव्हा जागोजागी सोडलेल्या मोकळ्या जागा दिसल्या. आत्याला विचारले तर ती म्हणाली, "आई काय म्हणते तेच कळायचं नाही कधीकधी. पुन्हा विचारलं की चिडायची, मग सोडून दिलं." त्या मोकळ्या जागांचे कारण विस्मरण नव्हते. शब्द आजीला आठवत होते; ते उच्चारायला दात नव्हते.

भाषेच्या अभ्यासकांनी या गोष्टीकडे जरा थांबून पाहायला हवे. त, थ, द, ध, न या वर्णांना आपण दंत्य म्हणतो ते उगाच नव्हे. मराठीत तर च, ज, झ यांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत. 'चंद्र' मधला च वेगळा आणि 'चांदणे' मधला वेगळा. लिपी हा भेद दाखवीत नाही. तो केवळ तोंडात जिवंत असतो आणि दात गेले की प्रथम तोच पुसट होतो. मौखिक परंपरेविषयी आपण बोलतो तेव्हा स्मरणशक्तीची चर्चा करतो. ज्या मुखावरून तिला 'मौखिक' म्हणतो त्या मुखाची फारशी करीत नाही.

म्हणूनच गेलेला दात परत कसा बसवायचा या प्रश्नाचा इतिहास मला केवळ वैद्यकाचा वाटत नाही. या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणसाने शतकानुशतके दाताचा दिसणारा भाग घडवला. अडचण मात्र न दिसणाऱ्या भागाची, म्हणजे मुळाची होती.

इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास इटलीतील एत्रुस्कन कारागीर सोन्याच्या पट्टीने कृत्रिम दात शेजारच्या खऱ्या दातांना बांधीत. ही दुसऱ्याच्या आधाराने उभे राहण्याची रीत. दुसरी रीत हिरडीवर टेकण्याची, म्हणजेच कवळीची. अठराव्या शतकातील युरोपात आणि अमेरिकेत हस्तिदंत, पाणघोड्याचा दात आणि माणसांचे दात वापरून कवळ्या घडवीत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती ही निव्वळ दंतकथा. तिच्यात हस्तिदंत होते, धातू होता आणि माणसांचे दातही होते. १७८४ च्या त्यांच्या हिशेबात गुलाम कृष्णवर्णीयांना नऊ दातांपोटी १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. ते दात कोणाच्या तोंडी बसले हे त्या नोंदीत नाही. कोणाच्या तोंडातून निघाले ते मात्र आहे.

लंडनमध्ये याच काळात जॉन हंटर हा नामांकित शल्यविशारद दातांचा अभ्यास करीत होता. त्याचा दातांवरील ग्रंथ १७७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला होता आणि एका माणसाचा ताजा दात दुसऱ्याच्या जबड्यात बसवता येतो असे त्याचे मत होते. परिणाम असा झाला की श्रीमंतांच्या तोंडांसाठी गरिबांचे दात उपटले जाऊ लागले. थॉमस रोलँडसनने १७८७ च्या सुमारास काढलेल्या व्यंगचित्रात हाच प्रकार दिसतो: एका खोलीत सुखवस्तू मंडळी दात बसवून घेत आहेत आणि फाटक्या कपड्यांतली मुले गाल धरून बाहेर पडत आहेत. असे दात काही महिने, फार तर काही वर्षे टिकत आणि गळून पडत. कधी त्यांच्याबरोबर उपदंशासारखा रोगही येई. पुढे १८१५ च्या वॉटर्लूच्या रणांगणावर मेलेल्या सैनिकांचे दात काढून विकले गेले. 'वॉटर्लूचे दात' हा शब्दप्रयोग इंग्रजीत त्यामुळेच आला.

हंटरचे दात का टिकले नाहीत? परक्याचे शरीर आपले शरीर स्वीकारीत नाही, हे आजचे उत्तर. त्या वेळी ते ठाऊक नव्हते. पण त्याच शतकात आपल्याकडे, पुण्याजवळ, या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवणारी एक घटना घडली. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला होता आणि त्याचे नाक कापले गेले होते. ते नाक एका कुंभाराने कपाळाची कातडी खाली वळवून नव्याने घडवले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली आणि तिचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. ते नाक टिकले, कारण कातडी त्याचीच होती आणि एका बाजूने जिवंत शरीराशी जोडलेली राहिली होती. कुंभाराला जे साधले ते लंडनच्या दंतवैद्यांना साधले नाही, यात कौशल्याच्या फरकापेक्षा द्रव्याचा फरक अधिक होता. प्रश्न कारागिरीचा नव्हता. शरीर कशाला 'आपले' म्हणते, हा होता.

दाताच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले, आणि तेथे रत्नागिरीचा किनारा आठवल्यावाचून राहत नाही. रत्नागिरी शहराला दोन समुद्र आहेत असे आम्ही लहानपणापासून म्हणत आलो: भगवती बंदराच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र. मांडवीची वाळू काळी दिसते ती दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेल्या जड खनिजांमुळे. मिऱ्या आणि काळबादेवीच्या उपसागरांतही ही खनिजे आहेत. त्यांतले एक महत्त्वाचे खनिज म्हणजे इल्मेनाइट, लोह आणि टायटॅनियम यांचे ऑक्साइड. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या साठ्यांचा तपशीलवार अभ्यास केला आहे. याच किनाऱ्याने उत्तरेकडे नेवरे, गणपतीपुळे ओलांडले की मालगुंड लागते. ते केशवसुतांचे जन्मगाव म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

टायटॅनियमचा पहिला शोधही अशाच काळ्या वाळूत लागला. १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला ओढ्याकाठच्या काळ्या वाळूत एका अज्ञात धातूचा अंश सापडला. चार वर्षांनी मार्टिन क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला ग्रीक पुराणातील टायटनांचे नाव दिले. खनिजातून हा धातू शुद्ध रूपात आणि मोठ्या प्रमाणात काढणे मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास साधले. आजही जगातील बहुतेक इल्मेनाइट धातूसाठी वापरले जात नाही. त्यापासून रंगांत आणि कागदात घालायची पांढरी भुकटी बनते. काही टूथपेस्टांचा शुभ्रपणाही तिचाच असतो. काळ्या समुद्राचे पांढरे रूपांतर असे घराघरांत पोहोचले आहे.

१९५२ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी डबी बसवून आतील रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. प्रयोग संपल्यावर महाग डबी काढून पुन्हा वापरावी म्हटले तर ती निघेना. हाड तिला घट्ट धरून बसले होते. हे पाहणारे ते पहिले नव्हते. १९४० मध्ये आणि १९५१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी टायटॅनियम हाडाला चिकटते अशा नोंदी केल्या होत्या. पण नोंद करणे वेगळे आणि अडचण वाटली तिलाच उत्तर मानणे वेगळे. ब्रोनेमार्क यांनी दुसरे केले.

१९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मतःच व्यंग होते; खाणे आणि बोलणे दोन्ही कष्टाचे होते. ते रोपण लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत, २००६ पर्यंत, टिकले. दंतवैद्यांच्या जगाने मात्र हे सहजी मान्य केले नाही. धातूभोवती शरीर मऊ आवरण तयार करते आणि तो सैल होतो, हा तोवरचा अनुभव होता. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर हा विरोध मावळला.

हे घडते कसे? टायटॅनियमला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. तो थर शरीराला उपद्रव देत नाही आणि हाडाच्या पेशी थेट त्याला लागून नवे हाड रचतात. दंतवैद्य जबड्यात साधारण चार मिलिमीटर रुंदीचे आणि सेंटिमीटरभर खोलीचे भोक पाडतो. हे काम सावकाश, थंड पाणी सोडीत करावे लागते. ४७ अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर लागली तरी हाडाला इजा होते. मग त्यात स्क्रू फिरवून बसवतात आणि थांबतात. मूळच्या पद्धतीत खालच्या जबड्यासाठी तीन महिने आणि वरच्यासाठी सहा महिने थांबत. हाडाने मूळ धरले की त्यावर जोडतुकडा आणि शेवटी चिनी मातीसारख्या द्रव्याचा दात चढतो. दोन हजार वर्षे ज्या दिसणाऱ्या भागापासून सुरुवात होत होती, तो येथे सर्वांत शेवटी येतो.

कवळीपेक्षा याचा मोठा गुण डोळ्यांना दिसत नाही. दात गेला की त्याला धरणारे हाड झिजू लागते. म्हणून चांगली बसलेली कवळी काही वर्षांत सैल होते आणि गाल आत जातात. रोपणामुळे चावण्याचा भार हाडापर्यंत पोहोचतो आणि हाड बऱ्याच अंशी टिकते. तरी हा खरा दात नव्हे. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचे मऊ अस्तर असते. त्यातूनच आपल्याला भातातला खडा कळतो. रोपणाला ते अस्तर नाही. शिवाय हिरडीची निगा राखली नाही तर रोपणाभोवतीचे हाडही जाते. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे त्याचे मोठे शत्रू आहेत. पथ्य पाळले तर दहा वर्षांनंतरही शंभरांतील नव्वदांहून अधिक रोपणे टिकलेली आढळतात.

आपण भाषेचे विद्यार्थी; म्हणून शब्दाविषयीही थोडे बोलू. वर्तमानपत्रांत याला कधी 'दंतरोपण' म्हणतात, कधी 'दंत प्रत्यारोपण'. दुसरा शब्द हंटरच्या उद्योगाला शोभेल. एकाचे काढून दुसऱ्याला लावणे म्हणजे प्रत्यारोपण. येथे कोणाचे काही काढलेले नसते. 'रोपण' हा शब्द बरा; पण कोकणातल्या माणसाच्या मनात तो भाताच्या लावणीचे चित्र आणतो आणि रोप तर जिवंत असते. कलमाची उपमाही जुळत नाही, कारण कलमात रायवळीचे खुंट आणि हापूसची काडी ही दोन्ही जिवंत असतात. मला आठवतात ते कातळावरचे खड्डे. आमच्याकडे जांभ्याच्या सड्यावर सुरुंग लावून खड्डा पाडतात, माती भरतात आणि मग कलम लावतात. तेथे दगड निर्जीव आणि झाड जिवंत. येथे खड्डा जिवंत हाडाचा आणि त्यात लावलेली वस्तू निर्जीव. दोन्हीकडे घाई चालत नाही, एवढे मात्र सारखे.

भारतात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय कलकत्त्याला डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये काढले. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले आणि दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ मध्ये झाला. आज रत्नागिरी जिल्ह्यातच, खेडला, दंत महाविद्यालय आहे आणि शहरातल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर 'इम्प्लांट' हा शब्द सर्रास दिसतो. पण एका दाताला हजारो रुपये लागतात. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आता निराळ्या अर्थाने खरी ठरते: ज्याच्याजवळ चणे आहेत त्याला दातही मिळतात. हंटरच्या लंडनमध्ये गरिबाचा दात श्रीमंताकडे जाई. तो अन्याय संपला हे खरे. गरिबाचे बोळके मात्र तसेच राहिले.

यावर मधला मार्ग नाही असे नाही. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत दिले की खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन रोपणांवर अडकवलेली कवळी हा पहिला पर्याय मानावा. सगळे दात रोवण्याची गरज नाही. दोन स्क्रू पुरतात आणि कवळी जागची हलत नाही. हा खर्चही थोडा नाही, पण तो एखाद्या सार्वजनिक योजनेच्या आवाक्याबाहेरचा नसावा. म्हातारपणी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया समाजाने आपली जबाबदारी मानली, कारण दिसणे ही गरज आहे हे आपल्याला पटले. चावणे आणि बोलणे यांना आपण अजून तो मान दिलेला नाही.

आजीची कवळी तिच्यामागे कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. आत्याची वही आहे. तिच्यातल्या मोकळ्या जागा आता भरता येणार नाहीत. पण तुमच्यापैकी कोणी गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांकडून ओव्या, कहाण्या गोळा करीत असेल, तर एवढे लक्षात ठेवावे: जिथे शब्द तुटतो तिथे बाई विसरली असे लगेच लिहू नये. तिला शब्द येत असण्याचा संभव आहे. पुन्हा एकदा, सावकाश विचारावे. कवळी वाटीत असेल तर ती लावून सांगायची विनंती करावी.