आधी दालन, मग खोली

मावळातील कार्ले, भाजे, बेडसे येथे गेलेला प्रवासी चैत्यगृहांच्या कमानी पाहून परततो. परंतु माणसे एकत्र कशी आणावीत हे पाहायचे, तर शेजारच्या विहारांत शिरावे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेल्या या निवासांत भिक्षूची खोली अगदी लहान. आत केवळ दगडी शेज. उजेड आणि ऐसपैस जागा मात्र सर्वांच्या दालनाला. बेडशाच्या विहाराची मागची बाजू तर अर्धवर्तुळाकार. खोल्यांची दारे दालनाभोवती. दाराबाहेर पाऊल टाकले की सोबती दिसलाच! एरवी फिरस्ते असणारे भिक्षू वर्षावासात असे शेजारी होत.

या लेण्यांचा खर्चही वाटून घेतलेला. कार्ल्याच्या चैत्यातील काही खांब धेनुकाकट नगरीच्या यवनांनी दिले. तेथल्याच सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याचा लेख आहे. ज्याने हात लावला, त्याला ती वास्तू परकी कशी वाटेल?

आज लोणावळ्यात बंगले उठले. त्यांत खोल्या प्रशस्त, पण शेजाऱ्याने टेकावे अशी ओसरी क्वचितच. आधी सर्वांची जागा आखावी, मग आपली, एवढे त्या कातळाकडून शिकता येईल.