खाली पाणी, वर इंजिन

समुद्र आमच्या जळकोटपासून लांब. तरी आमच्याकडचे हाजी पूर्वी मुंबईहून बोटीनं जात, 1995 साली ती बोट बंद झाली. आता हाजीही विमानानं, आखातात कमवायला जाणारी पोरंही विमानानं. घरची म्हातारी माणसं एकच विचारतात, "खाली सगळं पाणी. मशीन बंद पडलं तर?"

मी त्यांना जमिनीवरचा अपघात सांगतो. 12 ऑक्टोबर 1976, मुंबई. इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल विमान मद्रासला निघालं आणि उडताच उजव्या इंजिनातली चकती फुटली. धातूला बारीक तडा गेला होता. उरलेल्या एका इंजिनावर परतता येतं. वैमानिकानं विमान वळवलंही. पण तुकड्यांनी इंधनाची नळी तोडली होती. आग भडकली, नियंत्रणाचं हायड्रॉलिक तेल जळालं, आणि धावपट्टीच्या तोंडाशी येऊन विमान कोसळलं. 95 माणसं होती. एकही वाचलं नाही.

समुद्रासाठी नियम कडक होते. अमेरिकेनं 1953 मध्ये दोन इंजिनांच्या विमानांना विमानतळापासून तासाभराच्या आत राहायचं बंधन घातलं. इंजिनं भरवशाची झाली तशी 1985 मध्ये ही मुदत दोन तासांवर गेली.

आणि 2001 च्या ऑगस्टमध्ये एअर ट्रान्सॅटच्या विमानाची दोन्ही इंजिनं अटलांटिकवर बंद पडली. इंधनच गळून संपलं होतं. विमान तरंगत अझोर्स बेटावर उतरलं, 306 जण वाचले. गळती कशानं? दुरुस्तीत न जुळणारा भाग बसवल्यानं. तोही जमिनीवर, हँगरमध्ये.