गुणांचा रकाना

मास्तराने मुलाविषयी लिहिलेल्या शेऱ्याला घरोघर फार वजन असते. त्या वजनाचा विचार न करता मी एकदा लिहिले. बाप वारल्यापासून बिथरलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. मारामाऱ्या करी, पुस्तके भिरकावी, नाहीतर दिवसदिवस अबोल बसे. त्याला इथेच ठेवावे की मामाकडे परगावी धाडावे, हे आईने माझ्यावर सोपवले. मी कागदभर तक्रारी लिहिल्या. त्यांतली एकही खोटी नव्हती.

मुलांना असे मोजण्याचा इतिहास फार जुना नाही. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धीच्या कसोट्या रचल्या. साध्या शाळेत कोणते मूल मागे पडेल, हे त्यांना ओळखायचे होते. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी त्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठी बेतल्या. त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. पण बुद्धी मोजली म्हणून मनातली कळ थोडीच कळते?

त्या कळेची दखल मुंबईने घेतली. १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाले. १९३७ साली तेथे बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू झाले. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांनी मिळून मुलाचे शरीर, मन, घर आणि शाळा एकत्र पाहावी, ही अशा चिकित्सालयांची रीत. तरीही पहिला प्रश्न बहुधा एकच असे : बिघाड कोठे आहे?

दुसरा प्रश्न विचारायला शतकाची अखेर उजाडावी लागली. १९९७ साली इंग्लंडात रॉबर्ट गुडमन यांनी पंचवीस विधानांची प्रश्नावली केली. तीत पाच विधाने मुलाच्या परोपकारी वागण्याविषयी होती. १९९८ साली अमेरिकेत एपस्टाइन व शर्मा यांनी बावन्न विधानांची मोजपट्टी काढली. ती सारी मुलाच्या बळाविषयी : माणसांशी कसा वागतो, घरच्यांत कितपत मिसळतो, स्वतःवर विश्वास आहे का, शाळेचे काम कसे करतो, माया देतो-घेतो का. बळ मोजल्याने दुखणे नाहीसे होत नाही. पण उपचार कोणत्या जागी पाय रोवून करायचा, ते कळते.

माझा कागद खिशातच होता, तेव्हा वर्गाची सहल करमाळ्याच्या कमलाभवानीला गेली. तिथल्या बारवेला शहाण्णव पायऱ्या. वर्गातला एक पायाने अधू मुलगा वरच थबकला. या बिथरलेल्या पोराने काही न बोलता त्याचा हात धरला, आणि एकेक पायरी थांबत त्याला खाली नेले, वर आणले. कोणी सांगितले नव्हते.

रात्री मी तो कागद काढला. तक्रारी खोडल्या नाहीत. खाली एक ओळ लिहिली : ‘दुसऱ्याच्या चालीने चालतो.’ आईने ती ओळ दोनदा वाचून घेतली. मुलगा इथेच राहिला. पुढेही त्याने दोन पुस्तके फाडली, हे खरे. पण त्या अधू मुलाचे दप्तर वर्षभर त्याच्याच खांद्यावर होते.

या सुटीत, वाचकहो, आपल्या घरच्या द्वाड पोराचाही असा एक रकाना भरून पाहा.