पाचरीचे टोक: पूलच्या काठीत दडलेल्या दुसऱ्या कारागिराचा इतिहास

१. १९८६ साली मार्टिन स्कोर्सेसी यांचा ‘द कलर ऑफ मनी’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात पॉल न्यूमन यांनी साकारलेला मुरब्बी खेळाडू टॉम क्रूझने साकारलेल्या तरुणाच्या हाती एक पूल क्यू ठेवतो. ती काठी ‘बालाबुष्का’ आहे, एवढे सांगणे पुरेसे ठरते. प्रत्यक्षात पडद्यावरची काठी जॉस या कंपनीने बनवलेली होती. अस्सल बालाबुष्का तोवर इतकी मौल्यवान झाली होती, की चित्रीकरणात ती वापरण्याचा धोका कोणी पत्करला नसता.

२. पडद्यावरची काठी बालाबुष्काची नव्हती, हे पूलप्रेमींना ठाऊक असते. पण अस्सल बालाबुष्का तरी पूर्णपणे बालाबुष्का यांनी बनवलेली असते का? या प्रश्नाचे उत्तर काठीवरच्या सहीत सापडत नाही. ते तिच्या लाकडी जोडात सापडते. आजचा धागा त्या जोडाचा आहे.

३. आधी एक शब्द समजून घेऊ. काठी घडवणारा कारागीर ज्या जोडलेल्या लाकडी दांड्यापासून काम सुरू करतो, त्याला ‘ब्लँक’ म्हणतात. पुढच्या बाजूला बहुधा फिकट मेपल असते आणि मुठीच्या बाजूला शिसव किंवा आबनूस यांसारखे गडद, जड लाकूड. जिथे ही दोन लाकडे भेटतात, तिथे गडद लाकडाच्या टोकदार पाचरी मेपलमध्ये शिरलेल्या दिसतात. आपल्याकडच्या स्नूकरच्या काठीतही अ‍ॅश आणि आबनूस यांचा असाच जोड असतो. तिथे हाताने केलेल्या जोडाची टोके कमानीसारखी गोलाकार दिसतात, एवढाच फरक.

४. हा जोड शोभेसाठी जन्माला आलेला नाही. काठीचे वजन मुठीकडे हवे आणि नेम धरणारा भाग हलका, ताठ हवा. एकच लाकूड दोन्ही गुण क्वचितच देते. मग दोन लाकडे टोकाला टोक लावून का चिकटवू नयेत? कारण लाकडाच्या आडव्या कापात उघडे पडलेले तंतू सरस शोषून घेतात आणि जोड कच्चा राहतो. लांब तिरप्या पाचरीत मात्र तंतूंच्या लांबीलगत चिकटणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. पाचर हा सुताराने शोधलेला उपाय होता. तिचे सौंदर्य लोकांच्या नजरेत नंतर भरले.

५. या जोडाचे मुख्य प्रकार दोन. ‘फुल स्प्लाइस’मध्ये दोन्ही लाकडांना लांब सुळके काढतात आणि दोन्ही हातांची बोटे गुंफावीत तसे ते एकमेकांत बसवतात. ‘हाफ स्प्लाइस’मध्ये मेपलच्या दांड्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचा पाडून त्यांत गडद लाकडाचे तुकडे चिकटवतात. मुठीचा भाग त्याला नंतर वेगळा जोडला जातो. पहिल्या प्रकारात पाचर काठीचा भार वाहते. दुसऱ्या प्रकारात कारागिराला लाकूड आणि रंग निवडण्याची मोकळीक जास्त मिळते. पाचरींच्या कडेने रंगीत पातळ पट्ट्या, म्हणजे व्हेनियर, बसवण्याची रीतही जुनी आहे.

६. आता कथेकडे वळू. अमेरिकेत बिलियर्डच्या व्यवसायावर दीर्घकाळ एका नावाची छाया होती. जॉन मोझेस ब्रन्सविक यांनी १८४५ मध्ये सिनसिनाटी येथे कारखाना काढला. पुढे विलीनीकरणे होत १८८४ मध्ये ब्रन्सविक-बाल्क-कोलेंडर ही बलाढ्य कंपनी उभी राहिली. टेबले, चेंडू, काठ्या असे सर्व काही ती बनवत असे. तिच्या ‘टायटलिस्ट’ नावाच्या काठ्या फुल स्प्लाइस पद्धतीच्या होत्या. त्या अखंड, एकाच तुकड्याच्या असत आणि पूलगृहांच्या भिंतीवर कोणीही उचलाव्यात म्हणून टांगलेल्या असत.

७. याच साध्या काठ्यांत काही कारागिरांना कच्चा माल दिसला. शिकागोचे हर्मन रॅम्बो हे त्यांतले एक. बिलियर्डचे विख्यात विजेते विली हॉप यांच्यासाठी त्यांनी काठ्या घडवल्या. टायटलिस्टसारखी अखंड काठी मधोमध कापायची, धातूचा जोड बसवून ती दोन तुकड्यांत उघडणारी करायची, वजन आणि तोल खेळाडूच्या हाताप्रमाणे जुळवायचा, ही त्या काळची रीत होती. कारखान्यातून निघालेली सार्वजनिक वस्तू अशा रीतीने एका माणसाची खासगी वस्तू होत असे.

८. जॉर्ज बालाबुष्का यांचा जन्म १९१२ साली रशियात झाला. १९२४ मध्ये त्यांचे कुटुंब न्यूयॉर्कला स्थलांतरित झाले. तिथे ते लाकूडकामात मुरले. १९५९ मध्ये ते एका पूलगृहाचे भागीदार झाले. त्याच सुमारास त्यांनी मित्रांना नाताळची भेट म्हणून काही काठ्या बनवून दिल्या आणि त्यांतून व्यवसाय उभा राहिला. १९६१ मध्ये ‘द हसलर’ हा चित्रपट आला, अमेरिकेत पूलची लाट उसळली आणि चांगल्या काठीची मागणी वाढली. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या हातून हजार-बाराशे काठ्या घडल्या होत्या, असे मानले जाते.

९. त्यांच्या सुरुवातीच्या काठ्यांचा पायाही टायटलिस्टच होता. इथे निवडीचा प्रश्न तीव्र होतो. टायटलिस्ट ही लेथवर उतरवून झालेली, पूर्ण आकाराची काठी. तिच्यात बाक असेल, तर तो काढण्यासाठी जास्तीचे लाकूड शिल्लक नसते. म्हणून कारागिराचे पहिले कौशल्य नाकारण्याचे. काठी सपाट टेबलावर गडगडवून पाहायची. तंतू दांड्याला समांतर धावतात की वाटेत बाजूला सटकतात, हे तपासायचे. पाचरीच्या कडेला सरसाची काळी रेघ जाड दिसली, तर जोड सैल बसला आहे हे ओळखायचे. मग चारही पाचरींची टोके मोजायची.

१०. टोके का मोजायची, हे समजले की हा सगळा विषय उलगडतो. पाचर तिच्या टोकाकडे उथळ आणि मुठीकडे खोल असते. लेथवर लाकूड उतरत गेले की उथळ टोक नाहीसे होते आणि पाचर आखूड दिसू लागते. दांडा आपल्या मध्यरेषेवर नेमका फिरत असेल, तर चारही पाचरी सारख्याच मागे सरतात. दांड्यात बाक असेल, तर एका बाजूचे लाकूड जास्त निघते आणि त्या बाजूची पाचर इतरांपेक्षा आखूड होते. टोके एका रेषेत असणे ही म्हणूनच केवळ देखणेपणाची बाब नव्हे. जोड करणाऱ्याचा आणि लेथ चालवणाऱ्याचा, अशा दोघांच्या प्रामाणिकपणाची ती नोंद असते.

११. दुसरी कसोटी काळाची. प्रत्येक कापानंतर लाकडातला ताण मोकळा होतो आणि लाकूड किंचित हलते. म्हणून जाणता कारागीर ब्लँक एका दमात उतरवत नाही. थोडे लाकूड काढायचे, दांडा उभा टांगून काही आठवडे किंवा महिने ठेवायचा, मग पुन्हा थोडे काढायचे. या वाटेत जो वाकला, तो बाद. पूलगृहात वर्षानुवर्षे मुरलेल्या जुन्या टायटलिस्टना कारागिरांत मान होता, त्यामागचे कारण यात दिसते. त्यांची परीक्षा आधीच होऊन गेलेली होती.

१२. पुढे बालाबुष्का यांनी कारखान्याच्या काठ्यांऐवजी स्वतंत्र कारागिरांकडून ब्लँक घ्यायला सुरुवात केली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या काठ्यांत शिकागोच्या बर्टन स्पेन यांचे ब्लँक दिसतात, तर १९७० च्या दशकात पेनसिल्व्हेनियाचे गस झॅम्बोटी यांचे.  पुढे झॅम्बोटी यांच्या स्वतःच्या नावाच्या काठ्याही संग्राहकांच्या दृष्टीने बालाबुष्काच्या तोडीच्या ठरल्या.

१३. यात कमीपणा काही नव्हता. अचूक जोड करण्यासाठी वेगळी यंत्रे, वेगळे साचे आणि वेगळा सराव लागतो. तोल, निमुळतेपणा, मुठीवरचा धागा, धातूचा जोड, अखेरचा हात हे दुसरे कौशल्य. संगीतात तंबोरा घडवणारा आणि तो जवारीला लावणारा, दोघांचाही कान लागतो. इथेही तसेच. पण बाजाराला एकच नाव हवे असते आणि काठीवर एकच नाव राहिले.

१४. इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरा रस आहे तो पुढच्या गोष्टीत. बालाबुष्का यांच्या सुरुवातीच्या अनेक काठ्यांवर सही नाही. किंमत वाढली तशा बनावट काठ्याही बाजारात आल्या. मग अस्सल काठी ओळखायची कशी? जाणकार सहीआधी ब्लँक पाहतात. पाचरींची लांबी, व्हेनियरच्या रंगांचा क्रम, टोकांची धार यांवरून जोड कोणाच्या हातचा, हे ठरते. त्यावरून काळ ठरतो आणि मग काठीबद्दलचा दावा त्या काळाशी जुळतो का, हे पाहिले जाते. ज्याचे नाव काठीवर नाही, तोच नाव असलेल्याची साक्ष देतो.

१५. आपण दप्तरखान्यात असेच करत नाही का? पत्राखाली नाव सरदाराचे असते, पण अक्षर कारकुनाचे. अस्सल-नक्कल ठरवताना आपण कागद, शाई आणि त्या कारकुनाचे वळण तपासतो. सरदाराची कीर्ती त्यामुळे कमी होत नाही, मात्र पत्र एकट्याचे नव्हते हे मान्य करावे लागते. स्पेन आणि झॅम्बोटी यांची नावे निदान उरली. टायटलिस्टचे जोड करणारे ब्रन्सविकचे कामगार मात्र नावाशिवायच राहिले. संग्राहकांच्या कपाटातील कित्येक काठ्यांमध्ये त्यांचा हात आजही आहे.

१६. या कथेचा एक धागा आपल्या घाटापर्यंत येतो. काठीच्या मुठीसाठी वापरली जाणारी ‘ईस्ट इंडियन रोझवूड’ म्हणजे आपली शिसव. पश्चिम घाट हे तिचे एक घर. ब्राझीलच्या रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ मध्ये कठोर बंदी आली. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीचे संपूर्ण कुळ साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आले. त्यामुळे ब्लँक निवडणाऱ्याला आता आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हे झाड कुठले, आणि त्याचे कागद आहेत का? जोडामागचा कामगार विसरता आला, तसे जंगल यापुढे विसरता येणार नाही.

१७. म्हणून ब्लँक निवडणे ही लाकूडखरेदी नव्हे. आपले काम कोणाच्या कामावर उभे करायचे, याचा तो निर्णय असतो. बालाबुष्का यांचे मोठेपण सगळे काही एकट्याने करण्यात नव्हते. कोणाच्या जोडावर विश्वास ठेवावा, हे त्यांना कळत होते. पुढच्या वेळी क्लबात काठी हाती घ्याल, तेव्हा खडू लावण्याआधी ती एकदा फिरवून चारही पाचरींची टोके पाहा. ती एका रेषेत असतील, तर दोन अनोळखी माणसांनी आपापले काम चोख केले होते, एवढे नक्की समजा.